झाडावं लागतं म्हणून झाड

दादा, आपल्या अंगणात आता एकही झाड उरलेलं नाही. बदाम नाही, कडुनिंब नाही, सीताफळ नाही, तुम्ही सोनपेठहून पिशवीत घालून आणलेलं कवठही नाही. आडवळणानं सांगायचा विचार होता. आधी तब्येतपाणी, मग गावातली खबरबात, मग हळूच हे. पण तुम्हाला आडवळण कधी चाललं नाही. वर्गात एखाद्या पोरानं "गुरुजी, त्याचं असं झालं की..." अशी सुरुवात केली, की तुम्ही म्हणायचे, "शेपूट नंतर, आधी तोंड दाखव." तर हे तोंड झालं. आता शेपूट सांगते, आणि ते लांबलचक आहे.

तुमची बदली झाली की आपल्या घरात झाड यायचं. बाकीच्या मास्तरांच्या घरी बदलीचं गाव म्हणजे नुसतं नाव असायचं, आपल्या घरी ते मूळ धरायचं. पोखर्णीच्या शाळेवर होता तेव्हा बदाम आला, सोनपेठला गेलात तेव्हा कवठ. सीताफळाच्या बिया तुम्ही पूर्णेच्या बाजारात सीताफळं खाऊन रुमालात बांधून आणल्या होत्या. आवळ्याचं रोप कुणा पालकानं दिलेलं. करंज आपणहून उगवला, त्याला तुम्ही 'आगंतुक' म्हणायचे, पण उपटू दिला नाही. कडुनिंब तेवढा तुमच्या आधीचा, आज्याच्या हातचा. शनिवारची सकाळची शाळा सुटली की एसटी नाहीतर रेल्वे धरून तुम्ही घरी चुडाव्याला यायचे, रविवारी रोप लावायचे, त्याच्याभोवती काटेरी फांद्यांचं कुंपण करायचे आणि सोमवारी पहाटे निघून जायचे. मागं माय राहायची, आम्ही दोघं बहीणभाऊ राहायचो आणि ते रोप. त्याला पाणी कोण घालतंय हे तुम्ही कधी विचारलं नाही, कारण पुढच्या शनिवारी ते हिरवंच दिसायचं. पुढं पुढं गावात आपल्या घराला 'झाडवाल्या गुरुजींचं घर' म्हणू लागले. नवखा पाहुणा स्टेशनात उतरला तर त्याला कडुनिंबाचा शेंडा दाखवायचे आणि म्हणायचे, त्या अंगानं जा.

तुमच्यावर राग धरायच्या आधी मला तुमचं नुसतं कौतुक होतं, हेही लिहायला पाहिजे, नाहीतर सगळंच खोटं होईल. माघ लागला की तुम्ही मला अंगणाच्या मधोमध उभी करता, डोळे मिटायला लावता आणि माझ्या तळहातावर एकेक गळलेलं पान ठेवता. "वळख." कडुनिंबाचं पान कडेनं दातेरी, ते बोट फिरवलं की कळतं. कवठाचं चुरगाळलं की बडीशेपेसारखा वास येतो. सीताफळाचं पान इतकं उग्र की नाकाजवळ न्यावंच लागत नाही. बदामाचं तर हातातच मावत नाही. आवळ्याचं ठेवलं की मी म्हणते, "दादा, हे पान न्हाई, कोंडा हाय," आणि तुम्ही पोट धरून हसता. पुस्तकातल्या धड्यात पानगळ थंडीच्या आधी व्हायची. तुम्ही तो धडा शिकवायचे आणि मग पुस्तक मिटून सांगायचे, "ही पानगळ पुस्तक लिहिणाऱ्याच्या गावची. आपली झाडं उन्हाच्या तोंडावर कपडे काढतात." आणि प्रत्येकाची वेळ वेगळी. सीताफळ सगळ्यांत उतावीळ, पौषातच उघडं पडायचं. मग बदाम लाल व्हायला लागायचा. मग कधीतरी दुपारचं वारं सुटायचं आणि कडुनिंबाखाली पिवळं पिवळं होऊन जायचं. ते सरतंय न सरतंय तोवर कवठ, करंज, आवळा. चैतापर्यंत काही ना काही गळतच असायचं. रविवारी गल्लीतली पोरं गोळा करून तुम्ही हे सगळं रंगवून सांगायचे आणि मी गुरुजींची लेक म्हणून सगळ्यांच्या पुढं बसायचे.

माय त्या पोरांत कधी बसली नाही. ती कुठं असायची हे आता आठवायला गेलं तर तिची पाठच दिसते. वाकलेली. हातात तुराट्यांचा खराटा, कमरेला पदर खोचलेला. आम्ही अंथरुणात असायचो तेव्हापासून बाहेर खर्र खर्र चालू व्हायचं. अंगण सारवलेलं, त्यात कडुनिंबाचा बारीक पाला रुतून बसायचा, खराट्याला यायचा नाही, मग ती उकिडवी बसून नखानं काढायची. सगळं झाडून, टोपलं भरून, मागच्या खड्ड्यात नेऊन टाकून भाकरी थापायला बसायची, तोवर अंगणात पुन्हा जैसे थे. मग ती खुरपायला जायची. संध्याकाळी आली की पुन्हा खराटा. तुम्ही आठवड्यातून एकदा यायचे दादा, पाला रोज पडायचा. त्यात तुमचे नियम. पाला जाळायचा नाही, त्याचं खत होतं. बदामाखाली रविवारी झाडायचं नाही, पोरांना लाल सडा बघू दे. झालं, सोमवारी तिच्या वाट्याला दोन दिवसांचा ढीग. मला एक रविवार चांगला आठवतो. तुम्ही बदामाखाली हात मागं बांधून उभे आहात, तिला हाक मारताय, "अगं ये तरी, बघ काय रंग चढलाय!" ती चुलीपुढून उठून दारात आली, झाडाकडं नाही, खाली बघितलं आणि म्हणाली, "रंग तुमाला, कंबर मला." तुम्ही हसलात. मीही हसले, तुम्ही हसलात म्हणून.

आणि ते 'झाडा'चं. तुम्ही पोरांना विचारलं होतं, झाडाला झाड का म्हणतात? कुणी म्हणालं मोठं असतं म्हणून, कुणी म्हणालं सावली देतं म्हणून. तुम्हाला कुठलंच उत्तर पटत नव्हतं. माय ओट्यावर तुरी पाखडत होती. मान वर न करता तिनं सांगितलं, "झाडावं लागतंय म्हनून झाड." पोरं खदाखदा हसली. तुम्हाला तर ते इतकं आवडलं की तुम्ही ते आयुष्यभर पुरवलंत. घरी कुणी साहेब आला की, "आमच्या मंडळींचं व्याकरण ऐका." माझ्या लग्नात जेवणाच्या पंगतीत व्याह्यांना सांगितलंत. दर वेळी माय पदर पुढं ओढून आत निघून जायची आणि तुम्ही म्हणायचे, लाजली. मलाही तसंच वाटायचं. ती लाजत नव्हती हो दादा. तिनं तुमच्या प्रश्नाचं उत्तर दिलं होतं, चारचौघांत, आयुष्यात बहुतेक एकदाच, आणि आपण सगळ्यांनी मिळून त्याचा विनोद केला. मी कचेरीत कारकुनी केली, माणसांचे अर्ज वाचण्यात जन्म गेला, आणि घरातला एवढा साधा अर्ज मला साठी उलटल्यावर वाचता आला.

एकदाच तुम्ही मला रागावलात तेही पाल्यावरून. मायच्या अंगात ताप होता आणि तरी ती झाडत होती. मी पाचवीत असेन. मला वाटलं, टोपली टोपली वाहून नेण्यापेक्षा काडी लावली की मोकळं. लावली. पाला वाळलेला, भसकन पेटला, आवळ्याची एक फांदी होरपळली. तेवढ्यात तुम्ही स्टेशनावरून आलात. मारलं नाही, तुम्ही कधी मारलं नाही. त्या फांदीखाली मला उभं केलंत आणि शांतपणे म्हणालात, "तुला बोलता येतंय, त्याला येत न्हाई. म्हणून त्याच्या वतीनं मी बोलायलोय." मी रडून रडून बेजार झाले. माय खांबाला टेकून ऐकत होती. तिच्या वतीनं त्या दिवशी कुणीच बोललं नाही, ती स्वतःही नाही. फक्त रात्री माझ्या भाकरीवर तिनं लोण्याचा मोठा गोळा ठेवला आणि म्हणाली, "खा, गपगुमान."

तिनं तिच्या मनासारखं केलं ते एकदाच. विहारात कार्यक्रम होता, भंतेजींनी तुम्हाला पिंपळाचं रोप दिलं. तुम्ही ते हरखून घरी आणलंत, न्हाणीच्या भिंतीला लागून खड्डासुद्धा काढलात. मग तुम्हाला निवडणुकीच्या ड्युटीवर जावं लागलं. तुम्ही परत आलात तर खड्डा बुजवलेला आणि रोप विहाराच्या आवारात लावलेलं. "बोधिवृक्ष हाय, त्याला घरात कोंडू नये," असं तिनं तुम्हाला तोंडावर सांगितलं. त्या पिंपळाखाली आता पन्नास माणूस आरामात बसतं. विहारावरून जाता जाता माय त्याच्याकडं बघून म्हणायची, "वाचले बाई." एवढं एकच झाड तिनं कौतुकानं बघितलेलं मला आठवतं.

तुम्ही गेलात त्यालाही आता पंचवीसेक वर्षं होत आली. तुमच्या माघारी झाडं लोकांची झाली. भेटायला येणारा जो तो म्हणायचा, गुरुजी गेले न्हाईत, ह्या झाडांत हायत. धाकट्याचं तर ते पाठच झालं. तुमचा लेक पूर्णेला नोकरीला जातो, रोज येऊनजाऊन करतो, आल्यावर चप्पल काढायच्या आधी बदामाला हात लावतो. चांगला आहे तो, मायचं सगळं करतो. त्याची बायको अंगणवाडीत जाते, सकाळी तिचीच धांदल. मग अंगण कुणाकडं? मायकडं. पंचाहत्तरीला माय झाडत होती, ऐंशीला झाडत होती. कंबर इतकी वाकली होती की आता तिला वाकावंच लागत नव्हतं. आणि आपण सगळे काय म्हणायचो माहीत आहे? मायची तब्येत कशी ठणठणीत राहिली, अंगण झाडते ना रोज, व्यायाम होतो.

ह्या माघात ती पडली. पहाटेचं दव, बदामाची रुंद पानं ओली होऊन एकावर एक चिकटलेली. पाय सरकला. खुब्याचं हाड मोडलं. नांदेडला नेलं, ऑपरेशन झालं, घरी आणलं. मी निवृत्तच आहे, परभणीचं घर बंद करून तिच्याजवळ राहायला आले. तिची खाट खिडकीपाशी टाकली, बाहेर बघून करमेल म्हणून. तिथंच चुकलं, किंवा तिथंच बरोबर झालं, मला अजून ठरवता येत नाही. खिडकीतून तिला दिवसभर पाला पडताना दिसायचा. भावजय सकाळी घाईघाईत अर्धं अंगण झाडायची, मी उरलेलं. माझ्यानं व्हायचं नाही. आठ दिवसांत माझी पाठ धरली. माय आतून सांगायची, "न्हाणीपाशी ऱ्हायलंय. कवठाखाली ऱ्हायलंय. सांदीत बघ." रात्री डोळे मिटले तरी तिचा उजवा हात गोधडीवर हलायचा. मी तो धरून बसायचे.

फाल्गुनात एका संध्याकाळी धाकटा तिच्या पायाला तेल लावत होता. ती त्याला म्हणाली, "बाळा, झाडं तोडून टाक." त्याला वाटलं फांद्या. म्हणाला, "छाटतो की माय, खिडकीवरच्या छाटतो." ती म्हणाली, "फांद्या न्हाई. झाडं. समदी." तो हसला. अगदी तुमच्यासारखा हसला, मी ऐकलं ना. मग तिनं पुन्हा सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा पडला. बाहेर येऊन मला म्हणाला, "अक्का, मायला आता समजंना गेलंय. भूल दिल्यापासून असंच बोलायलीय." मला तसं वाटत नव्हतं, पण मी मान हलवली.

पुढचे पंधरा दिवस घरात हेच. तो म्हणाला, अंगणाला फरशी बसवू, झाडायला सोपं पडंल. माय म्हणाली, फरशीवर काय पाला पडत न्हाई? तो म्हणाला, झाडायला बाई लावतो. माय म्हणाली, "दुसऱ्या बाईच्या कमरेत घालतूस का माजं दुखणं?" तो चिडला, आयुष्यात पहिल्यांदा तिच्यावर ओरडला, "दादांची आठवण हाय ती! तुला दादांचं कायच वाटत न्हाई का?" माय भिंतीकडं तोंड करून पडली, रात्री जेवली नाही. भावजयीनं मला स्वयंपाकघरात धरलं आणि कुजबुजली, "अक्का, तुमी बोला. तुमचं ऐकत्यात दोगंबी. मला इचाराल तर..." आणि तिनं नुसता स्वतःच्या कमरेला हात लावला.

दुसऱ्या दिवशी घर रिकामं होतं तेव्हा मी मायजवळ बसले. मला आतून वाटत होतं की ती मागं घेईल. दादा, मीसुद्धा तुमचीच लेक, मला ती पानं डोळे मिटून ओळखता येतात. मी म्हणाले, "माय, खरंच तोडायची? का नुसता राग हाय?" ती म्हणाली, "राग कशाचा? झाडाचा काय गुन्हा हाय." "मग कामून?" तिनं बाहेर बघितलं. कडुनिंब गळत होता, वारा नव्हता तरी गळत होता. मग म्हणाली, "लग्न होऊन आले तवा तेरा वर्साची होते. सासूनं हातात खराटा दिला. एकच कडूलिंब होता. मला वाटायचं, एक झाड हाय, झाडू. मग तुजा बाप एकेक आनीत गेला. प्रत्येक टायमाला म्हनायचा, हे बघ काय आनलंय. मी काय म्हनू? दारू पेनारे, मारनारे नवरे होते गल्लीत. माजा नवरा झाड आनायचा. कुनाला सांगू, नगं म्हनून?" मी तिची गोधडी सारखी केली. ती म्हणाली, "मी हाय तवर मला येकडाव मोकळं आंगन बघायचंय. दारातून दारापत्तूर. कायच पडलेलं न्हाई असं. मग मेले तरी चालंल." मी विचारलं, "येकबी झाड ठेवायचं न्हाई? लिंब तरी? आज्याच्या हातचा हाय." ती म्हणाली, "लिंबाचाच पाला लय वंगाळ." आणि तिनं आपली नखं माझ्यापुढं धरली. दादा, मी ती नखं रोज बघत होते, कापतही होते. त्यांच्याखालची कातडी जाड, काळी, चिरलेली, कडुनिंबाच्या पाल्याची.

मी धाकट्याला सांगितलं, तोडायची. घर मायच्या नावावर आहे, अंगण मायचं आहे, कायद्यानंही आणि तसंही. त्यानं माझ्याकडं असं बघितलं की मी परकी झाले. म्हणाला, "तू दादांची लाडकी होतीस ना?" मी म्हणाले, होते. मग ग्रामपंचायतीची परवानगी वगैरे सगळं त्यानंच केलं, लाकूडवाल्याला त्यानंच फोन केला. आणि ज्या दिवशी लाकूडवाला यायचा त्या दिवशी पहाटेच पूर्णेला निघून गेला, सुट्टी असून.

लाकूडवाला मशीन घेऊन आला तेव्हा मायला आम्ही खुर्चीत बसवून ओट्यावर ठेवलं होतं. तिनं केस विंचरून घेतले होते, पांढरं धुतलेलं लुगडं नेसली होती, विहारात जायचं तसं. त्यानं विचारलं, "आजी, कोणतं ठेवायचं?" ती म्हणाली, "कोनतंच न्हाई." सीताफळ, करंज आणि आवळा चटकन गेले. बदाम पडला तेव्हा जमीन हादरली. कवठावर पिकली कवठं होती, ती फुटून सगळीकडं वास सुटला आणि मला तिथं उभं राहवेना. कडुनिंबापाशी तो माणूस थांबला, घाम पुसत म्हणाला, "मोठं जुनं हाय हो. बघा बरं." तोवर गल्लीतल्या बाया जमल्या होत्या. शेजारची म्हातारी काठी टेकत पुढं आली आणि मायला म्हणाली, "अगं गुरुजींच्या हातची झाडं, पाप लागंल तुला." मायनं तिच्याकडं बघितलं. "लागू दे. झाडून टाकीन. तेवडंच येतंय मला." ह्या वेळी कुणी हसलं नाही. म्हातारी आली तशी परत गेली. मग त्यानं मशीन चालू केलं.

ट्रॅक्टर भरून लाकूड गेलं. मी आणि भावजयीनं दोन दिवस खपून फांद्यांचा कचरा काढला, खड्डे बुजवले, आणि शेवटी अंगण शेणानं सारवलं. मायला पुन्हा ओट्यावर आणलं. दारातून दारापर्यंत मोकळं. मला वाटलं आता ती रडेल, किंवा हसेल, काहीतरी करेल. ती नुसती बघत होती. म्हणाली, "केवडं हाय गं हे." तिला ते एवढं मोठं आहे हे माहीतच नव्हतं, कधी मान वर करून बघितलंच नव्हतं ना. मग म्हणाली, "मला जरा चालव त्यात." मी वॉकर दिला, भावजयीनं मागून धरलं. दोन पावलं टाकली आणि पायात कळ आली. बसवावं लागलं. डॉक्टर म्हणतात आता ह्यापेक्षा जास्त चालणं होणार नाही. अंगण मोकळं झालं आणि तिला ते ओट्यावरूनच बघायचं आहे. ह्याचं मला इतकं वाईट वाटलं की मी मोरीत जाऊन रडले, झाडांसाठी रडले नव्हते तेवढी.

आता वैशाख चालू आहे. घर तापतं, तुम्हाला कल्पना येणार नाही, तुमच्या वेळी कडुनिंब होता. दुपारी भिंतींना हात लावता येत नाही. कूलरनं काही होत नाही. साळुंक्या पहिले काही दिवस येऊन हवेतच घुटमळायच्या, आता येत नाहीत. धाकटा येतो, चप्पल काढतो, हात कुठं लावायचा ते त्याला कळत नाही, तसाच आत जातो. माझ्याशी कामापुरतं बोलतो. भावजय मात्र सकाळी चहा घेऊन ओट्यावर निवांत बसते, तिला असं बसलेलं मी लग्नापासून कधी बघितलं नव्हतं, पण नवरा बाहेर आला की उठते. माय घामानं निथळत असते. मी एकदा विचारलं, "माय, सावली आठवती का?" ती म्हणाली, "आठवती की. चांगली होती." एवढंच. तिनं एकदाही म्हटलं नाही की चूक झाली. बरं झालं असंही म्हटलं नाही. मी कान देऊन बसलेली असते, दोन्हीपैकी एक तरी म्हणावं म्हणून.

परवा संध्याकाळी मी तिला भरवत होते. मधेच घास थांबवून म्हणाली, "तुज्या दादाला सांगितलं का गं?" मला वाटलं, गेलं, आता खरंच समजेनासं झालं. मी म्हणाले, "माय, दादा कुठं हायत आता?" ती माझ्यावर डाफरली, "मेलेत ते, मला ठावं हाय. मी काय खुळी झाले का? पर सांगाया नगं? त्यांची झाडं होती." मी म्हणाले, "मग तूच सांग की. तुजं ऐकतील." तिनं मान हलवली आणि तोंड पुसलं. म्हणाली, "मी सांगितलं की हसत्यात ते. तू सांग. तुजं खरं धरत्यात."

म्हणून हे लिहिलं. दादा, ह्यात हसायचं काही नाही, एवढं तरी कळू द्या.

आता एक राहिलं. तुमचा एक जुना विद्यार्थी मला परभणीच्या बाजारात भेटला. औषधं न्यायला गेले होते. टक्कल पडलंय त्याला, मी ओळखलं नाही, त्यानंच वाकून नमस्कार केला. म्हणाला, "ताई, गुरुजींची झाडं हायत ना अजून? मी लेकराला सांगत असतो, बदामाची लाल पानं दाखवायला नेईन म्हणून." मी म्हणाले, "पडली हो वाऱ्यानं." तो म्हणाला, "सगळी?" मी म्हणाले, "सगळी. लय वारं होतं त्या दिवशी." त्याचे डोळे भरून आले. मायनं तोडायला लावली, मी हो म्हटलं, हे त्या भल्या माणसापुढं माझ्या तोंडून निघेना. तेव्हापासून जो विचारेल त्याला मी वारंच सांगते, आता ते अगदी सफाईनं जमतं. तुम्हाला तेवढं खरं लिहिलंय. पण त्यात माझा मोठेपणा समजू नका. हे पत्र कुठं जाणार नाही हे मला ठाऊक आहे. तुम्ही आहात तिथं टपाल पोचत असतं ना दादा, तर तुम्हालाही मी वारंच लिहिलं असतं.